360 नाही, 315

प्रश्न : नाना, नमस्कार. मी पारोळा तालुक्यातला. गेल्या वर्षी आयटीआयमधून फिटर ट्रेड 78 टक्क्यांनी पास झालो. त्यानंतर दोन कंपन्यांच्या स्किल टेस्टला बसलो, दोन्हीकडे राहिलो. लेखीतलं एक गणित आठवतं तसं लिहितो : यंत्र तासाला 45 नग काढतं, पाळी 8 तासांची, तर एका पाळीत किती नग? खाली बारीक अक्षरांत होतं, जेवणाची सुट्टी अर्धा तास, चहाच्या दोन सुट्ट्या पंधरा-पंधरा मिनिटांच्या, सुट्टीत यंत्र बंद. मी 360 लिहिलं. प्रॅक्टिकलला लोखंडी पट्टी कानसीने घासून 40 मिमीवर आणायची होती, ती 39.92 वर गेली. आता एक क्लासवाला 15 हजारांत तयारी करून देतो म्हणतोय. बाबा कापसाच्या पैशातून द्यायला तयार आहेत. पुढची टेस्ट तीन आठवड्यांवर आहे. काय करू?

उत्तर : बाबांना आजच सांग, कापसाचे पैसे घरातच राहू द्या. तुला जे कमी पडतंय ते विकत घ्यायची गरज नाही.

तुझंच पत्र पुन्हा वाच. सुट्टीची ओळ तू शब्दनशब्द लक्षात ठेवलीस, पण गणितात घेतली नाहीस. 8 तासांतून 1 तास गेला, उरले 7. 45 गुणिले 7, म्हणजे 315. गुणाकार तुला येतो. तू आकडे दिसताक्षणी हिशेबाला लागलास, तिथे चुकलास. मी 26 वर्षं टूलरूममध्ये काढली, त्यातली बरीच वर्षं पोरांच्या टेस्ट घेतल्या. हात वाईट म्हणून राहिलेली पोरं मला थोडी आठवतात. कागद अर्धवट वाचून राहिलेली खूप. आमचे जुने मिस्तरी अहिराणीत एवढंच म्हणायचे, "पहिले वाच, मंग हात लाव."

गणिताची भीती तर मुळीच नको. शंभर किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, हा हिशेब तुमच्या घरात तोंडी चालत असेल. 200 नगांत 7 रिजेक्ट तर किती टक्के, हाही तोच हिशेब आहे. साडेतीन. टक्केवारी, सरासरी, एककं बदलणं आणि तक्ता वाचणं, लेखीत बहुतेक एवढंच विचारतात. अमेरिकेत वर्ककीज नावाची अशीच परीक्षा आहे. तिचे मुख्य भागही तीनच : कामातलं गणित, तक्ते-आलेख वाचणं आणि कामाच्या ठिकाणची कागदपत्रं वाचणं. त्या गणिताला तर कॅल्क्युलेटरही चालतो. कागदावरून काम समजतं का, हेच तिथेही बघतात.

आता पट्टीकडे येतो, कारण खरं दुखणं तिथे आहे. ड्रॉइंगवर टॉलरन्स, म्हणजे मापात चालणारा फरक, काय होता ते तू लिहिलंच नाहीस. समज, अधिक-उणे 0.04 होता. म्हणजे 39.96 पर्यंत चाललं असतं, तू आणखी 0.04 खाली गेलास. कमी झालेलं लोखंड परत येत नाही. 40.2 आलं की बास्टर्ड, म्हणजे जाड दातांची कानस खाली ठेव, बारीक दातांची स्मूथ घे आणि चार-पाच हातांनंतर प्रत्येक वेळी मोज. मोजायच्या आधी बर, म्हणजे घासल्यावर कडेला उभी राहिलेली धातूची कूस काढ, नाहीतर माप बराचं येतं, पट्टीचं येत नाही.

आणि व्हर्नियर, म्हणजे जबड्यांत धरून बारीक माप घ्यायचं साधन, हातात आला की आधी जबडे मिटवून शून्य बघ. मी टेस्टच्या टेबलावर मुद्दाम एक खराब व्हर्नियर ठेवायचो, जबडे मिटले तरी 0.06 दाखवणारा. बहुतेक जण तो उचलून सरळ मोजायला लागायचे. एकदा शहाद्याकडची एक मुलगी आली. तिने जबडे मिटवले, खिडकीच्या उजेडात धरले आणि म्हणाली, "सर, याचा झिरो सरकलाय. याच्यावर मोजू की दुसरा देता?" मी म्हटलं, याच्यावरच मोज. तिने प्रत्येक मापातून 0.06 वजा केले आणि कागदावर तसं लिहिलंही. तिची फाइलिंग साधीच होती. तरी मी तिला घेतलं, आणि तो निर्णय मला आजही बरोबर वाटतो.

तीन आठवड्यांचं असं कर. तुझ्या आयटीआयच्या निदेशकांना भेट आणि वर्कशॉपमध्ये रोज तासभर बसू देण्याची विनंती कर. माजी विद्यार्थ्याने हात जोडून मागितलं तर सहसा कोणी नाही म्हणत नाही. भंगारातल्या वीस पट्ट्या घे, प्रत्येकीचं माप तीनदा घेऊन वहीत लिही. तीन आकडे जुळेपर्यंत पुढच्या पट्टीला हात लावू नकोस. घरी मोबाइलवर 'भारत स्किल्स' हे सरकारी पोर्टल उघड, फिटरचे प्रश्नसंच तिथे फुकट आहेत. निमी, म्हणजे आयटीआयची पुस्तकं काढणारी सरकारी संस्था, तिचं थिअरीचं पुस्तक तुझ्याकडे असेलच. एम 10 च्या, म्हणजे 10 मिमीच्या आट्यांना 8.5 मिमीचं ड्रिल, असले आकडे त्यातून पक्के कर. ड्रॉइंगच्या कोपऱ्यातल्या चौकटीतले इंग्रजी शब्द अडत असतील तर चाळीसेक शब्दांची यादी करून मराठी अर्थ लिही. जळगावात पाइपच्या कारखान्यात जा की चटईच्या, ते शब्द बरेचसे सारखेच भेटतात.

मुलाखतीत विचारतील, यंत्रातून वेगळा आवाज आला आणि सुपरवायझर जागेवर नाही, तर काय करशील? यंत्र बंद करीन आणि कळवीन. बाकी सजावट नको.

टेस्ट झाली की निकालाची वाट न बघता मला लिही. प्रश्न आठवतील तेवढे उतरव, खालच्या बारीक ओळींसकट. आणि त्या वीस पट्ट्यांच्या वहीचं एखादं पान सोबत पाठव, मला बघायचंय.