यशवंत तलावाकाठची पानगळ टिपताना

भाऊ, नंदुरबारकडच्या सातपुड्यातल्या तोरणमाळला रंगांसाठी ऑक्टोबरात जाऊ नका; तेव्हा डोंगर हिरवाच असतो. आपली पानगळ फेब्रुवारी-मार्चची: साग उघडा पडतो, पळस पेटतो, कोशिंबाला तांबडी पालवी फुटते. सूर्य उगवण्याआधीच तिथल्या यशवंत तलावावर पोचा. वारा सुटला की प्रतिबिंब मोडलंच.

ट्रायपॉड, आयएसओ (सेन्सरची प्रकाशसंवेदना) १००, अ‍ॅपर्चर म्हणजे लेन्सचं छिद्र एफ/८ ते एफ/११. व्हाइट बॅलन्स (रंगांची ऊब-थंडी ठरवणारी सेटिंग) ऑटोवर ठेवला तर कॅमेरा सकाळची ऊब धुऊन काढतो, म्हणून ५२०० केल्विनवर बांधून टाका.

सगळ्यात जास्त घोळ पळसात होतो. एकूण हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) ठीक दिसतो, पण लाल रंगाचा चॅनल फाटलेला, म्हणजे मर्यादेपलीकडे जाऊन तपशील गमावलेला असतो आणि फुलं सपाट शेंदरी डाग होतात. लाल आलेख वेगळा बघा, एक्स्पोजर पाऊण स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) खाली आणा, रॉ म्हणजे कच्च्या फाइलमध्येच काढा. कोशिंबाची पालवी मात्र उजेडाकडे तोंड करून टिपा, पानातून प्रकाश झिरपू द्या.

पोलरायझर (लेन्सपुढे लावायचा फिरता फिल्टर) पानांची चकाकी मारतो, पण पूर्ण फिरवलात तर प्रतिबिंबही पुसतो. दीड-दोन स्टॉप उजेडही खातो. २४ मिमीपेक्षा रुंद (कमी मिमीच्या) लेन्सवर आकाश अर्धं काळं, अर्धं फिकं येतं; तिथे तो काढूनच ठेवा.