पाऊस आहे म्हणून ग्लासगो गाळू नका

तुम्ही पाच मित्रमैत्रिणी ऑक्टोबरच्या मध्याला स्कॉटलंडला येताय, ग्लासगोला दोन दिवस ठेवलेत, आणि आता दोन्ही दिवस पाऊस दाखवतोय म्हणून तेही एडिनबरालाच द्यावेत का असं विचारलंय. माझं मत, अजिबात नको. मी बरीच वर्षं इथे राहतेय, घरी पाहुणे येतच असतात, आणि पावसात बघायला ग्लासगोइतकं सोयीचं शहर मला तरी दुसरं माहीत नाही.

आधी पावसाचं सांगते. मुंबईत वर्षाला इथल्या जवळजवळ दुप्पट पडतो पण चार महिन्यांत उरकतो, इथे मात्र बाराही महिने थोडा थोडा चालू असतो. अटलांटिकवरून वारं येतं ते पहिलं या पश्चिमेकडच्या बाजूला धडकतं, एडिनबरा पूर्वेला म्हणून तिथे कमी. त्यामुळे अॅपवर दिवसभर ढग दिसला तरी प्रत्यक्षात भुरभुर, मग वीस मिनिटं सडकून, मग चक्क ऊन, असं चालतं. म्हणून तासातासाचा प्लॅन करू नका. एक छताखालची जागा आणि तिथून दहा मिनिटांत चालत जाता येईल अशी एक उघड्यावरची, अशी जोडी धरा, उघडलं की बाहेर पडायचं आणि आला की आत.

पहिला दिवस वेस्ट एंडला, म्हणजे शहराच्या पश्चिम भागाला द्या. सबवेने केल्विनहॉल स्टेशनला उतरून केल्विनग्रोव्ह म्युझियम. १९०१ सालची लाल दगडाची इमारत, तिकीट नाही, शुक्रवारी आणि रविवारी अकराला उघडतं, बाकी दिवस दहाला. दुसऱ्या महायुद्धातलं खरं स्पिटफायर लढाऊ विमान छताला टांगलंय आणि त्याच्या खाली पेंढा भरलेला हत्ती उभा आहे, सर रॉजर म्हणतात त्याला. वर स्पॅनिश चित्रकार दालीचं क्रूसावरच्या ख्रिस्ताचं चित्र आहे, वरून खाली बघितल्यासारखं काढलेलं, तिथे घाई करू नका. दुपारी एकला मधल्या हॉलमध्ये ऑर्गन वाजवतात, रविवारी तीनला, ती वेळ साधाच. तुमच्यातल्या ज्यांना म्युझियमचा कंटाळा आहे त्यांनाही तेवढ्यासाठी बोलवा, आख्खी इमारत भरून जाते आवाजाने.

मागे केल्विनग्रोव्ह पार्क, त्यातून चढून गेलं की युनिव्हर्सिटी. मला स्वतःला हे सगळ्यात जवळचं वाटतं, त्याचं कारण म्हणजे ही मुख्य इमारत आर्किटेक्ट जॉर्ज गिल्बर्ट स्कॉटची, ज्याने लंडनमध्ये बसून आपल्या मुंबईच्या राजाबाई टॉवरचं डिझाइन केलं तोच. फोर्टमध्ये शिकलेलं कुणी तुमच्यात असेल तर कमानी बघून लगेच ओळखीचं वाटेल बघा. दोन चौकांच्या मधे कमानींचा मोठा झाकलेला पॅसेज आहे, कितीही पाऊस असो तिथे आरामात उभं राहता येतं आणि फोटोही भिजलेल्या दगडात जास्त छान येतात. पुढे बायर्स रोडने बोटॅनिक गार्डन्स, तिथलं किबल पॅलेस म्हणजे काचेचं प्रचंड घर, आत उंच उंच ट्री फर्न, वर काचेवर पाऊस वाजत असतो. फुकट आहे हेही.

दुसऱ्या दिवशी सकाळी कॅथेड्रल. स्कॉटलंडच्या मुख्य भूमीवर सोळाव्या शतकातल्या धर्मसुधारणेच्या (कॅथलिक चर्च सोडून प्रोटेस्टंट झाले तेव्हाच्या) धामधुमीतून जवळपास आख्खं टिकलेलं मध्ययुगीन कॅथेड्रल हे एकच, बाकीच्यांची छपरं तरी गेली नाहीतर भिंती तरी. लोक वरचा भाग बघून परत फिरतात, तसं करू नका, खाली उतरा, तिथे या शहराचा पालक संत सेंट मंगो याची समाधी आणि खांबांचं अक्षरशः जंगल आहे. बाहेरच्या आवारात चार्ल्स मॅकिंटॉशला पुरलंय. वॉटरप्रूफ कापडाचं पेटंट १८२३ मध्ये घेणारा माणूस याच गावचा, दोन कापडांच्या मधे रबराचा थर द्यायचा आणि ते रबर विरघळवायला गॅसच्या कारखान्यात उरलेल्या डांबरातून काढलेला नॅफ्था वापरायचा, अशी ती युक्ती. (टी रूम्सवाला आर्किटेक्ट मॅकिंटॉश वेगळा, त्याचं १९०३ चं विलो टी रूम्स सॉकीहॉल स्ट्रीटवर आहे, चहा तिथे घ्या.) पाऊस थांबला की लगेच शेजारच्या टेकडीवर नेक्रोपोलिस, जुनं व्हिक्टोरियन कबरस्तान, वरून सगळं शहर दिसतं. पायवाटा ओल्या असल्या की घसरतात, सपाट तळव्याचे फॅन्सी बूट नकोत.

दुपारी रिव्हरसाइड म्युझियम. आर्किटेक्ट झाहा हदीदची इमारत, २०११ ची, आत ट्राम, जुन्या गाड्या आणि ग्लासगोत बनून दक्षिण आफ्रिकेत धावलेलं अवाढव्य वाफेचं इंजिन. या शहराने भारतालाही ढिगाने इंजिनं पाठवली, तेव्हा रेल्वेवेडा कुणी असेल तर दोन तास धरा. बाहेर १८९६ सालचं ग्लेनली जहाज उभं आहे, तेही चढून बघता येतं.

पाच जणांनी सतत एकत्र फिरायचा हट्ट नको. एकाला शॉपिंग, एकाला चित्रं, एकीला नुसतं कॉफी घेऊन बसायचंय, तर जाऊ द्या, संध्याकाळची भेटायची जागा तेवढी ठरवा. माझी आवडती म्हणजे सेंट्रल स्टेशनचे रूळ अर्गाइल स्ट्रीटवरून जातात त्याच्या खाली, हीलनमन्स अम्ब्रेला, म्हणजे डोंगरातल्या माणसाची छत्री, म्हणतात तिला. पूर्वी डोंगराळ भागातून पोटासाठी आलेले हायलंडर लोक पावसात तिथेच जमायचे, गाववाल्यांना भेटायचे.

छत्र्या आणू नका, वाऱ्यात उलट्या होतात, टोपीवालं जॅकेट घ्या आणि मोज्यांचा एक जादा जोड बॅगेत असू दे. अंधार सव्वासहापर्यंत पडायला लागतो आणि म्युझियम्स पाचला बंद होतात, म्हणजे सकाळी लवकर निघा. सबवे गोल फिरतो, पंधराच स्टेशनं आहेत, चुकून उलट्या गाडीत बसलात तरी पोचता, दिवसभराचं तिकीट काढा. फक्त रविवार असेल तर शेवटची गाडी किती वाजता ते आधी बघून ठेवा.