पुडीतले 143 केस

प्रिय मित्रा,

काल तू माझ्यासमोर कागदाची पुडी उलगडून "143 आहेत, दोनदा मोजले" असे म्हणालास, तेव्हा मला हसू आले नाही, हे आधी सांगतो. तुझ्या वयाचा असताना मीही उशीवरचे केस वेचून मोजत असे. मात्र त्या पुडीशेजारी तू ज्या तीन बाटल्या आणि गोळ्यांचे पाकीट मांडलेस, ते पाहून मी चिडलो आणि त्याबद्दल मला अजूनही वाईट वाटत नाही. केस कशाने गळतात हे ठाऊक होण्याआधीच तू चार उपाय सुरू करून मोकळा झाला होतास. आधी कारण शोधावे, एवढेच माझे म्हणणे आहे आणि या पत्रात मी ते पुन्हा पुन्हा म्हणणार आहे.

पुडीतला एक केस उजेडात धरून पाहा. त्याच्या एका टोकाला टाचणीच्या डोक्याहूनही लहान असा पांढरा मणी दिसेल. केस मुळासकट उपटून आला, असे समजून तू घाबरला आहेस. प्रत्यक्षात मूळ त्वचेतच राहिलेले असते आणि तो मणी केसाची विश्रांतीची मुदत संपल्याची खूण असतो. केस साधारण दोन ते सहा वर्षे वाढतो, मग सुमारे तीन महिने नुसता टिकून राहतो आणि गळतो, म्हणूनच रोज 50 ते 100 केस जाणे स्वाभाविक मानतात. जोराचा ताप, शस्त्रक्रिया, बाळंतपण, अन्न एकाएकी तोडणे किंवा मोठा मानसिक धक्का यांमुळे वाढीतले पुष्कळ केस एकदम विश्रांतीत जातात; पण ते गळू लागतात दोन-तीन महिन्यांनी, म्हणजे माणूस दुखणे विसरून गेलेला असतो तेव्हा, आणि मग त्या आठवड्यात बदललेल्या शाम्पूवर विनाकारण आळ येतो. तीन महिन्यांपूर्वी दहा दिवस तापाने अंथरुणाला खिळलो होतो, हे तू दारातून बाहेर पडताना, चप्पल घालता घालता सांगितलेस! तेच तर पहिल्यांदा सांगायचे होते.

माझी फसगत याच ठिकाणी झाली. बाविसाव्या वर्षी मला विषमज्वर झाला, पुढे ओंजळीने केस गेले, मी एक तेल चोळले आणि सहा महिन्यांत केस परत आले. ते तसेही येणारच होते, परंतु श्रेय तेलाला मिळाले. एकोणतिसाव्या वर्षी कपाळाच्या दोन्ही कडा मागे सरू लागल्या आणि माथा विरळ झाला, तेव्हा मी त्याच 'सिद्ध झालेल्या' तेलाकडे वळलो. या वेळी कारण निराळे होते: टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकापासून बनणारे डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन आनुवंशिकतेने संवेदनशील असलेली केसांची मुळे आक्रसवत नेते आणि प्रत्येक नवा केस आधीच्यापेक्षा बारीक येतो. मी सात वर्षे तेल चोळत राहिलो. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध, टकलासाठी त्याला अमेरिकेत मान्यता मिळाली तीच 1988 मध्ये, तेव्हा मला ते कोण सुचवणार होते, असे मी स्वतःला समजावतो, आणि सुरुवातीच्या काळापुरते ते खरेही आहे. पुढच्या वर्षांचे काय, याचे उत्तर मात्र माझ्यापाशी नाही. अखेर त्वचारोगतज्ज्ञांकडे गेलो, तेव्हा त्यांचा पहिला प्रश्न होता, "कधीपासून आणि कसे?" तोवर मी तो स्वतःला विचारलाच नव्हता. औषध जित्या मुळांवर चालते. माझा माथा तोवर चकाकत होता.

म्हणून सांगतो, आधी कारण. नाण्याएवढी गुळगुळीत चकती पडली तर ती बहुधा चाई असते, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्तीच केसांच्या मुळांवर उलटलेली असते. खवले, खाज आणि तुटके खुंट असतील तर बुरशीची शंका घ्यावी. सतत ताणून बांधलेले केस, लोहाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड आणि काही औषधे यांचीही चौकशी व्हावी लागते. आणि तुझ्या त्या पाकिटावरची बारीक अक्षरे वाचलीस का? जीवनसत्त्व 'अ' आणि सेलेनियम प्रमाणाबाहेर गेले तर त्यांनीच केस गळतात, आणि बायोटिन या जीवनसत्त्वामुळे थायरॉईडच्या तपासणीचे आकडे चुकीचे येऊ शकतात. तपासणीसाठी रक्त देण्यापूर्वी गोळ्यांची गोष्ट डॉक्टरांना सांगायला विसरू नकोस.

तुझे केस तापानेच गेले असावेत, असा माझा कयास आहे. तसे असेल तर पुढच्या सहा महिन्यांत गळती थांबावी. परंतु मी डॉक्टर नाही, आणि अशा गळतीनंतर दडून असलेले आनुवंशिक टक्कलही उघडे पडू शकते, म्हणून एकदा तज्ज्ञांना दाखवच. त्यांच्याकडे जाताना पुडी घरी ठेव आणि एका कागदावर गेल्या सहा महिन्यांतली दुखणी, औषधे आणि आहारातले बदल तारखांसह लिहून ने. जाण्याआधी तो कागद मला दाखवलास तर बरे वाटेल.

तुझा,
टक्कल पडलेला काका