२००९ च्या वॅगन आरच्या बुडाला गंज चढलाय, पावसाळ्याआधी रबर कोटिंग मारून घ्यावं का?

तुम्ही लिहिलंय की गाडी तासगावात असते, पंधरा वर्षं झाल्यावर नोंदणी आणखी पाच वर्षांसाठी वाढवून घेतली आहे, खालच्या पत्र्यावर तांबेरा दिसतोय आणि गॅरेजवाले सरळ काळं रबर कोटिंग मारा म्हणतात. डिकीतून खताची पोती आणि बागेचं औषध नेता, हेही तुम्ही सांगितलंत. ते बरं झालं, कारण निम्मं उत्तर त्यातच आहे.

आहे त्या गंजावर रबर कोटिंग मारू नका. नव्या, स्वच्छ पत्र्यावर ते उत्तम काम करतं. गंजलेल्या पत्र्यावर मात्र ते धड चिकटत नाही. खडी लागून बारीक चीर पडली की पाणी आत शिरतं आणि बाहेर यायला वाट राहत नाही. वरून सगळं काळंभोर, नीटनेटकं दिसतं आणि खाली पत्रा पापुद्र्यापापुद्र्याने सुटत जातो. दोन पावसाळ्यांनी जॅक लावायला जावं तर जॅकच आत घुसतो.

आधी पाहणी करा. गाडी वॉशिंग सेंटरच्या रॅम्पवर घ्या आणि स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने पत्रा ठोकत जा. टणक आवाज आला तर पत्रा शाबूत, भदभद आवाज आला तर तो पातळ झालाय. जॅकच्या जागा, मागच्या चाकांच्या कमानीची आतली कड, मागच्या सस्पेन्शनचे माउंट आणि ब्रेकची नळी जिथे क्लिपने धरलेली असते ती ठिकाणं नीट बघा. नळीवर गंजाचे खड्डे पडले असतील तर ती रंगवत बसू नका, बदला. मग गाडीत बसून पायाखालचं मॅटिंग उचला. त्याखालचा फोम ओला असेल तर गंज वरून येतोय, दाराच्या रबरातून किंवा काचेखालच्या तुंबलेल्या निचऱ्यातून, आणि खालून कितीही कोटिंग केलं तरी तो थांबणार नाही.

डिकीचा गालिचाही उचला. म्युरेट ऑफ पोटॅश हे खत म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. मिठासारखंच ते हवेतली ओल धरतं आणि पत्रा खातं. औषधातलं मोरचूद (कॉपर सल्फेट) त्याहून वाईट. त्याचं पाणी उघड्या लोखंडावर पडलं की तांबं पत्र्यावर बसतं आणि लोखंड विरघळतं. म्हणून पोती आणि औषधाचे कॅन कायम कड असलेल्या प्लास्टिकच्या ट्रेमध्ये ठेवा. सांडलंच तर त्याच दिवशी भरपूर पाण्याने धुवा.

कामाला एप्रिल-मे सर्वांत चांगला, कारण आपल्याकडच्या उन्हात धुतलेली गाडी दोन दिवसांत खडखडीत वाळते. प्रेशरने बूड धुऊन घ्या. कमानींच्या कडांत साचलेली काळी माती बोटाने किंवा लाकडी काडीने खरवडून काढा, कारण ती सुटत नाही आणि स्पंजासारखी पाणी धरून ठेवते. बोअरचं पाणी खारं असेल तर शेवटचा हात नळाच्या पाण्याने मारा. दाराखालच्या पोकळ भागाला (डेंटर त्याला रनिंग बोर्ड म्हणतात) आणि दारांच्या तळाला निचऱ्याची भोकं असतात. ती तारेने मोकळी करा आणि कॉम्प्रेसरची हवा मारा. २०१९ किंवा २०२१ च्या पुरात गाडी उभी राहिली असेल तर या पोकळीत गाळ असणारच. पाणी स्वच्छ येईपर्यंत आत पाइप लावून धुवा.

वाळल्यावर वायर ब्रश, स्क्रॅपर आणि ८० नंबरचा पॉलिश पेपर घ्या. ग्राइंडरचा कप ब्रश पेट्रोल टाकीच्या आसपास अजिबात चालवू नका, तिथे हातानेच घासा. गाडी नुसत्या जॅकवर ठेवून खाली शिरू नका, चारही बाजूंनी जॅक स्टँड लावा. चष्मा आणि मास्क हवाच. पापुद्रे निघून घट्ट, तपकिरी डाग उरेल तिथेच रस्ट कन्व्हर्टर (गंजाचा टिकाऊ थर बनवणारं रसायन) लावा. पाव लिटर पुरतं. त्यातलं आम्ल गंजाच्या पातळ थरावरच चालतं, जाड थराखाली पोचत नाही आणि चकचकीत पत्र्यावर नुसतं चिकट होऊन बसतं. काही कन्व्हर्टर नंतर धुवावे लागतात, काही नाही, ते डब्यावर वाचा. आम्ल राहिलं तर वरचा प्रायमर धड पकडत नाही.

भोक पडलं असेल तर लांबी (पुट्टी) भरून झाकू नका. सडका पत्रा चांगल्या पत्र्यापर्यंत कापून १ मिमीचा सीआरसी (कोल्ड रोल्ड) पत्रा मिग वेल्डिंगने बसवून घ्या. वेल्डिंगआधी बॅटरीची निगेटिव्ह काढायला लावा.

मग टू-पॅक (दोन डबे मिसळून वापरायचा) एपॉक्सी प्रायमर, १ लिटर, दोन हात. नुसता रेड ऑक्साइड प्रायमर पाणी अडवत नाही, तो शोषतो. पत्र्याच्या जोडांवर पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटची एक ट्यूब ओढा. आता खडीचा मार जिथे थेट लागतो त्या चार कमानी आणि रनिंग बोर्डची खालची कड, एवढ्याच जागी रबर कोटिंग, साधारण २ लिटर. म्हणजे गॅरेजवाल्यांचा माल वाईट नाही, त्याची जागा मर्यादित आहे. सायलेन्सर, डिस्क, ड्रम, हँडब्रेकची केबल, ड्राइव्ह शाफ्टचे रबरी बूट, शॉकअॅब्सॉर्बरचा दांडा, एबीएस असेल तर त्याचे सेन्सर आणि निचऱ्याची भोकं आधी कागद, पिशव्या आणि मास्किंग टेपने झाका. भोकं बुजली तर सगळी मेहनत उलटते.

बाकी बुडाला मेणासारखं, मऊ राहणारं अंडरबॉडी वॅक्स, २ लिटर. जुन्या गाडीसाठी मला हेच पटतं. ते तडकत नाही, बारीक ओरखड्यावर पुन्हा सरकून बसतं आणि पारदर्शक घेतलंत तर नवा गंज लगेच दिसतो. सगळ्यात मोलाचं काम मात्र पोकळीतलं आहे, कारण रनिंग बोर्ड आणि क्रॉस मेंबर (बुडाच्या आडव्या पोकळ पट्ट्या) आतून बाहेर गंजतात. चारही बाजूंना फवारणारी लांब नळी आत घालून कॅव्हिटी वॅक्स मारत मारत बाहेर ओढा. दारं धरून २ लिटर लागतं. भोकांतून थेंब पडू लागले म्हणजे आत सगळीकडे पोचलं. दोन-तीन दिवस ते गळत राहील, खाली पुठ्ठा टाका. आपल्याकडच्या उन्हाळ्यात वितळून जाणार नाही असंच, उष्णतेत टिकणारं मागून घ्या.

जळकं ऑइल फासायचा सल्ला मिळेलच. ते रबरी बुश फुगवतं, धूळ-माती धरतं, त्यात ज्वलनातून आलेली आम्लं असतात आणि पहिल्याच पावसात ते रस्त्यावर आणि विहिरीच्या पाण्यात जातं.

दरवर्षी मेमध्ये रॅम्पवर घेऊन वॅक्स उडालेल्या जागी हात फिरवा. कुंभार्ली घाटाने गुहागरला, समुद्रकाठी जाऊन आलात, की आठवड्याच्या आत बूड गोड्या पाण्याने धुवा.