रग्बी लीगच्या मुरलेल्या खेळाडूने कोचिंगमध्ये जावं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: रग्बी लीगमधला 33-34 वर्षांचा मुरलेला खेळाडू आहे, शरीर अजून एखादा सीझन ओढून नेईल, पण क्लब म्हणतोय की खेळणं थांबव आणि कोचिंग स्टाफमध्ये ये, तर त्याने जावं का?

जावं. पण थेट मुख्य कोच म्हणून नको, आणि एक अख्खा सीझन लहान पोरांना शिकवून बघितल्याशिवाय तर नकोच नको. का ते सांगतो, थोडं लांबेल.

मी मूळचा साताऱ्याचा, 14 वर्षं झाली सिडनीच्या पश्चिम भागात राहतोय. शाळेत कबड्डी खेळलेलो त्यामुळे इथे आल्यावर लीग बघताबघताच आवडलं, पकड कळते ना आपल्याला, एकाने पाय धरायचे आणि दुसऱ्याने वरून यायचं हे कुणी समजावून सांगावं लागत नाही. मुलगा इथल्या एका ज्युनियर क्लबात खेळतो आणि सहा वर्षं मी त्याच्या टीमचा मॅनेजर आहे, म्हणजे टीमशीट, पाणी, पट्ट्या, पालकांचे मेसेज सगळं. एवढ्या काळात चार कोच जवळून बघितले, त्यातले दोघं वरच्या लेव्हलला खेळून आलेले.

ज्यांना लीग माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. एका बाजूला 13 जण, बॉल तुमच्याकडे असताना सहा टॅकल मिळतात (टॅकल म्हणजे बॉलवाल्याला पकडून पाडणं), टॅकल झाला की खेळाडू उठतो, बॉल पायाने मागे सरकवतो आणि खेळ परत चालू. रग्बी युनियन या रग्बीच्या दुसऱ्या प्रकारासारखा बॉलवर माणसांचा ढीग पडत नाही. म्हणजे एका मॅचमध्ये तीच गोष्ट शेकडो वेळा होते, आणि कोचचं खरं काम त्या शेकडो वेळा होणाऱ्या गोष्टीतच असतं: पडलेला किती लवकर उठतो, मार्कर, म्हणजे त्या उठणाऱ्याच्या समोरचा डिफेन्सवाला, कुठे उभा राहतो, डिफेन्सची ओळ एकदम पुढे येते की एकजण मागे राहतो.

आता गंमत अशी की 12 वर्षं खेळलेल्या माणसाच्या हे सगळं अंगवळणी पडलेलं असतं, आणि अंगवळणी पडलेलं शब्दांत सांगता येत नाही. बेंजी मार्शलचं बघा. 2005 च्या ग्रँड फायनलमध्ये, म्हणजे एनआरएल या इथल्या सगळ्यात मोठ्या स्पर्धेच्या फायनलमध्ये, वेस्ट्स टायगर्स या सिडनीच्या क्लबकडून खेळताना तो धावत गेला आणि मागे न बघता पाठीमागून पॅट रिचर्ड्सला पास दिला, ट्राय झाला (समोरच्यांच्या रेषेपलीकडे बॉल टेकवला की ट्राय, त्याचे गुण मिळतात), आजही इथे लोक त्या पासबद्दल बोलतात. पण तो पास शिकवणार कसा? कुठल्या पोराला सांगणार की इथे हात असा वळव? तोच बेंजी 2021 ला निवृत्त झाला, 2023 मध्ये टिम शीन्सच्या हाताखाली असिस्टंट झाला, ठरलं होतं की दोन वर्षं शिकायचं आणि 2025 ला टीम हातात घ्यायची, पण शीन्स आधीच गेले आणि 2024 लाच सगळं त्याच्या अंगावर आलं. त्या वर्षी टायगर्स शेवटचे आले. मी त्याला दोष देत नाही, टीम त्याच्या आधीची दोन वर्षंही तळालाच होती, आणि पुढच्या वर्षी ती तळातून वर आलीसुद्धा. पण शिकायला मिळणारं एक वर्ष गेलं ते गेलंच, आणि ते फार मोलाचं होतं असं मला मनापासून वाटतं.

याच्या उलट आयव्हन क्लिअरी. खेळाडू म्हणून चांगला, किकर म्हणून तर फारच चांगला, पण दंतकथा वगैरे नाही. कोच म्हणून 2011 ला वॉरियर्स क्लबबरोबर ग्रँड फायनल हरला, 2015 ला पेनरिथ क्लबने काढून टाकलं, त्याच पेनरिथने 2019 ला परत बोलावलं, 2020 ला पुन्हा फायनल हरला आणि मग 2021 ते 2024 सलग चार वेळा जिंकला. क्रेग बेलामी कॅनबेराकडून खेळायचा, मोठ्या स्टार्सच्या गर्दीतला कष्टाळू माणूस, मग ब्रिस्बेनला वेन बेनेटच्या हाताखाली काही वर्षं असिस्टंट, आणि 2003 पासून एकाच मेलबर्नचा कोच. मायकल मॅग्वायर तर मोजक्याच मॅचेस खेळलाय, आणि 2014 ला साउथ्स (साउथ सिडनी) आणि 2025 ला ब्रिस्बेनला ग्रँड फायनल जिंकून दिली. मला वाटतं ज्याला संघातली जागा टिकवायला रोज डोकं लावावं लागलं त्याला डोकं कसं लावलं ते आठवतं, आणि तेच तो पुढे शिकवतो.

मग मोठ्या खेळाडूंनी जाऊच नये का? नाही, इथेच खरा मुद्दा आहे आणि बहुतेक लोक तो सोडून देतात. कोचिंग हे एकच काम नाही. मॅल मेनिंगा बघा, खेळाडू म्हणून डोंगर. 1997 ते 2001 कॅनबेराचा कोच होता, किताब नाही मिळाला. मग 2006 पासून क्वीन्सलंडचा कोच झाला आणि स्टेट ऑफ ओरिजिनच्या, म्हणजे क्वीन्सलंड आणि न्यू साउथ वेल्स या दोन राज्यांमध्ये दरवर्षी होणाऱ्या, सलग आठ सिरीज जिंकल्या, 2015 ला नववी. ब्रॅड फिटलरचंही तसंच, रूस्टर्स क्लबला कोच असताना 2009 ला टीम शेवटची आली आणि त्याची नोकरी गेली, पण न्यू साउथ वेल्सला 2018, 2019 आणि 2021 अशा तीन सिरीज जिंकून दिल्या. दोन्हीकडे माणूस तोच, खेळ तोच. फरक असा की ओरिजिन म्हणजे वर्षाला तीन मॅचेस, प्रत्येकीच्या आधी आठ-दहा दिवसांचा कॅम्प, खेळाडू आधीच तयार, तिथे कोचने त्यांना निवडायचं, विश्वास द्यायचा, जर्सीचा मान समजावायचा, आणि मोठा खेळाडू खोलीत नुसता येऊन उभा राहिला तरी पोरं ताठ बसतात. क्लबला मात्र नोव्हेंबरपासून सराव, मार्च ते सप्टेंबर दर आठवड्याला मॅच, दुखापती, करार, एखाद्या पोराच्या घरची भांडणं, आणि सोमवारी परत तोच व्हिडिओ. तिथे नाव पहिले दोन महिने पुरतं.

म्हणून तुमच्या खेळाडूला आधी हे विचारा की त्याला सोमवार आवडतो का. मॅच नाही, मॅचनंतरचा सोमवार.

आता माझ्या डोळ्यासमोरचं सांगतो. आमच्याकडे आलेल्या त्या दोघांतला पहिला नाव असलेला होता, नाव लिहीत नाही. मनाने चांगला होता, पण सारखं "बघ, असं" म्हणून स्वतः करून दाखवायचा, आणि 11 वर्षांच्या पोराला ते जमलं नाही की आणखी जोरात करून दाखवायचा, मग आवाज चढायचा. मेच्या शेवटापर्यंत तीन पोरं सोडून गेली, एकाची आई मला पार्किंगमध्ये म्हणाली की तो शनिवारी सकाळी पोट दुखतंय म्हणून रडतो. तो दिवस मी विसरलेलो नाही.

दुसरा रिझर्व्ह ग्रेडमध्ये, म्हणजे मुख्य टीमच्या खालच्या टीममध्ये, वर्षानुवर्षं खेळलेला प्रॉप, म्हणजे पुढच्या फळीतला धिप्पाड गडी, दोन्ही हातांची बोटं मोडून वाकडी जुळलेली. तो अजून खेळत होता, आणि मंगळवारी-गुरुवारी संध्याकाळी आमच्याकडे यायचा. एकदा डिफेन्स काही केल्या जमत नव्हता, तर ओरडला नाही, म्हणाला पुढची पाच मिनिटं एकानेही तोंड उघडायचं नाही. पोरं गप्प खेळली, ओळ फाटली, लागोपाठ चार ट्राय झाले. मग त्याने सगळ्यांना ओल्या गवतावर बसवलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून एकेकाला विचारलं, "तुला काय दिसलं?" माझा मुलगा म्हणाला, शेजारी कोण आहे ते कळत नव्हतं. "मग सांगायला हवं होतं कुणी?" "मी." बस, एवढंच. पुढची दहा मिनिटं नुसता आरडाओरडा, माझा, मी घेतो, सरक, आणि ओळ एकदाच फाटली. त्या माणसाने स्वतः काहीच करून दाखवलं नाही.

त्याच्यासारखा असेल तर डोळे झाकून जावं. आणि ते आधी कळायला लहान पोरांसारखी परीक्षा नाही, कारण त्यांना तुमच्या नावाचं काही पडलेलं नसतं, समजलं नाही की ती सरळ दुसरीकडे बघतात. सॅम बर्जेससारखा मोठा खेळाडूसुद्धा खांद्याच्या दुखापतीमुळे 2019 ला थांबला आणि नंतर ओरारा व्हॅली या गावाकडच्या टीमचा कोच झाला, मोठा क्लब त्यानंतर, 2024 ला इंग्लंडमधला वॉरिंग्टन, आणि पहिल्याच वर्षी त्यांना तिथल्या चॅलेंज कपच्या फायनलला घेऊन गेला. हरले, पण फायनलच्या वेम्बली मैदानापर्यंत नेलं.

दोन गोष्टी पटकन. डोक्याला वारंवार मार लागला असेल तर अजून एक सीझन हा विचार आजच सोडा, मग कोचिंग जमो न जमो. आणि पैसा: एनआरएलमध्ये क्लब 17, म्हणजे मुख्य कोचच्या जागाही 17च, असिस्टंटचा पगार खेळाडूच्या पगाराच्या जवळपास जाईल असं धरून चालू नका, घरच्यांशी बसून आकडे मांडा. बायको-पोरांना वाटत असतं की आता हा घरी असेल, पण कोच खेळाडूपेक्षा जास्त वेळ बाहेर असतो.

क्लबशी बोलताना पदाचं नाव काय ते विचारू नका, विचारा की मंगळवारी सकाळी माझ्याकडे नक्की काय असेल. "तू ये, पोरांना तुझ्याकडून प्रेरणा मिळेल" असं उत्तर आलं तर थांबा, त्यांना तुमचं नाव हवंय. "राइट एजचा, म्हणजे मैदानाच्या उजव्या कडेचा, डिफेन्स तुझा, व्हिडिओ तू कापायचा, गुरुवारी वीस मिनिटं तुझी" असं आलं तर सही करा.

तो प्रॉप मागच्या वर्षी खेळायचा थांबला. आता एका क्लबात 17 वर्षांखालच्यांचा डिफेन्स बघतो, मंगळवार-गुरुवार तेच, फक्त मैदान बदललंय. माझ्या मुलाला तिथे ट्रायलला जायचंय.