नाव कापलेली स्ट्रिप

प्रिय,

परवा दुकानात म्हणालास, "काका, ऑगस्टमध्ये अमेरिकेला चाललोय, इनहेलर चार-पाच जास्तच द्या." मागे गिऱ्हाइकं खोळंबली होती, म्हणून बोलणं राहिलं.

पाच संपले की सहावा कुठून आणशील? तुझ्या इनहेलरमधल्या औषधाला, म्हणजे आपल्या साल्ब्युटामॉलला, तिकडे अल्ब्युटेरॉल म्हणतात आणि चिठ्ठीशिवाय देत नाहीत. पॅरासिटामॉलचंही तिथे अ‍ॅसिटामिनोफेन होतं. ब्रँडचं नाव सांगून तर काहीच उपयोग नाही. तेव्हा डॉक्टरांकडून औषधाचं मूळ नाव आणि मात्रा टाइप करून, सही-शिक्क्यानिशी घे. वर नाव पासपोर्टवरचं हवं. तुमचे फॅमिली डॉक्टर अजून तुला 'बंड्या' लिहितात, मी चिठ्ठ्या पाहिल्यात.

आणि सुट्या गोळ्या नेऊ नकोस. सदाशिव पेठेत चाळीस वर्षं स्ट्रिपा कापतोय. सहा गोळ्या मागितल्या की कात्री नेमकी नावावरून जाते, नाहीतर तारखेवरून. तसला तुकडा कस्टमवाल्याला काय दाखवणार? अख्खी स्ट्रिप ने, बिलासकट. ठेवायची खांद्यावरच्या बॅगेत. मी लेकीकडे गेलो तेव्हा बीपीच्या गोळ्या मोठ्या बॅगेत टाकल्या आणि बॅग दोन दिवसांनी आली. औषधं विकणारा माणूस मी, काय बोलणार!

लसींचं आजच बघ. बहुतेक विद्यापीठं एमएमआरचे, म्हणजे गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीचे, दोन डोस मागतात, आणि दोन्हींत किमान 28 दिवसांचं अंतर लागतं. आईच्या कपाटात तुझं लसीकरणाचं कार्ड असेल, ते शोध. नसेलच, तर रक्त तपासून प्रतिपिंडं आहेत का ते कळतं. टीबीची तपासणी सांगितली, तर कातडीवरच्या चाचणीऐवजी रक्ताची, म्हणजे इग्रा, चालेल का विचार. लहानपणी घेतलेल्या बीसीजीमुळे, म्हणजे टीबीच्या लसीमुळे, कातडीवरची चाचणी उगाच पॉझिटिव्ह येऊ शकते.

अक्कलदाढ ठणकते म्हणत होतास ना? इथेच दाखवून घे. विद्यार्थ्यांच्या विम्यात दात बहुधा धरत नाहीत.

चिठ्ठी झाली की दाखवायला ये, इनहेलरही आण. परवा दारात ओढलास तो चुकीचा ओढलास. पफ घेतल्यावर दहा सेकंद श्वास रोखायचा असतो. तू लगेच फोनवर बोलायला लागलास.

तुझा,
मेडिकलवाले काका