दर गुरुवारचा एक भाग आणि बारावीचं वर्ष

"मुलगा बारावी सायन्सला आहे. दर गुरुवारी ते जपानी कार्टून लागलं की घरात कुणी त्याच्याशी बोलायचं नाही. बोललं की अंगावर येतो. आठवडाभर तोंडात तेच. हे व्यसन म्हणायचं का? परीक्षा होईपर्यंत बंदच करून टाकू का?"

माझ्याकडे समुपदेशनासाठी येणारे दहावी-बारावीच्या मुलांचे पालक हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत विचारत असतात. एका घराची हकिगत सांगितली तर उत्तर नीट कळेल. नाव आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

ओंकार, वय १७. विक्रोळीत कन्नमवार नगरात वन रूम किचन. घरात आई, बाबा, आजी आणि पाचवीतली धाकटी बहीण. सकाळी सातला घाटकोपरला क्लास. २०२४ चा जानेवारी चालू होता आणि बोर्डाची लेखी परीक्षा २१ फेब्रुवारीपासून होती. नेमकी ४ जानेवारीला नेटफ्लिक्सवर 'डिलिशियस इन डंजन' सुरू झाली. पहिल्या पर्वाचे २४ भाग, दर गुरुवारी एक, मध्ये खंड नाही, शेवटचा भाग १३ जूनला. म्हणजे प्रिलिम, प्रॅक्टिकल, बोर्ड, सीईटी, सगळं मालिका चालू असतानाच उरकायचं होतं. हे लक्षात आलं तेव्हा आईचा धीर सुटला.

मालिकेबद्दल आईबाबांना एवढंच माहीत होतं की त्यात राक्षस मारतात. र्योको कुई यांच्या मांगावरून, म्हणजे जपानी चित्रकथेवरून, ट्रिगर या स्टुडिओने ती केली आहे. लायोस नावाच्या योद्ध्याच्या बहिणीला भुयारात लाल ड्रॅगन गिळतो. तिला सोडवायला परत खाली उतरायचं, पण शिध्याला पैसे नाहीत. मग वाटेत भेटतील ते राक्षसी प्राणी मारायचे आणि शिजवून खायचे. पहिल्याच भागात महाकाय विंचू आणि चालतं मशरूम एका भांड्यात रटरटतात. मारामारी आहेच, पण चिरणं, साफ करणं, चव घेणं यालाही तितकाच वेळ दिलेला असतो. हसू येतं ते या गंभीरपणे केलेल्या स्वयंपाकामुळे.

पहिल्या भेटीनंतर मालिकेला कुणीही हात लावायचा नाही असं ठरलं. फक्त मोजायचं. ओंकारने स्वतः एका कागदावर गुरुवारी रात्री काय केलं ते मिनिटांत लिहायचं आणि आईने तो कागद त्याच्याबरोबर इथे येईपर्यंत बघायचा नाही. ही अट महत्त्वाची आहे. आई रोज तपासणार असेल तर मुलगा खरे आकडे लिहीत नाही.

कागदावर आलं ते असं: भाग २४ मिनिटं. आवडलेले प्रसंग परत बघणं १५. यूट्यूबवर इतरांच्या प्रतिक्रिया आणि पुढे काय होणार याचे तर्क ५०. मित्रांचा ग्रुप ५५. आणि अंथरुणात पडल्यावर मोबाईलवर मांगाची पुढची प्रकरणं ४५, कारण मूळ मांगा २०२३ मध्येच पूर्ण झाली होती आणि आठवडाभर थांबवत नव्हतं. चोवीस मिनिटांच्या भागाला पावणेतीन तासांची शेपटी. झोप सव्वाला, उठणं पावणेसहाला. १३ ते १८ वयाच्या मुलांना ८ ते १० तास झोप लागते आणि शुक्रवारी त्याला साडेचार तास मिळत होती. शुक्रवारी क्लासमध्ये डोळे मिटायचे, संध्याकाळी चिडचिड, आणि आई म्हणायची, "बघा, त्या कार्टूनने काय केलंय."

कार्टूनने नव्हतं केलं, शेपटीने केलं होतं. आठवड्याला एक भाग हा मनोरंजनाचा फार शिस्तीचा प्रकार आहे, असं माझं ठाम मत आहे. पुढचा भाग अस्तित्वातच नसतो, त्यामुळे "अजून एकच" म्हणता येत नाही. उलट "परीक्षा झाल्यावर सगळं एकदम बघ" हा सल्ला ऐकायला समजूतदार वाटतो आणि बहुतेकदा फसतो. एक तर २४ भाग म्हणजे ९ तास ३६ मिनिटं, आणि ती एका रात्रीत संपवायचा मोह मोठ्यांनाही आवरत नाही. दुसरं, तोपर्यंत मित्र पुढे गेलेले असतात. ग्रुपवर कोणी काही फोडेल या धास्तीने मुलगा चोरून बघायला लागतो, आणि चोरून म्हणजे फुकटच्या बेकायदा साइटवर, जिथे सट्ट्याच्या जाहिराती उघडतात. घरच्या टीव्हीवर, घरच्या प्रोफाइलवर, सगळ्यांदेखत बघितलेला भाग त्यापेक्षा कधीही बरा.

आता अंगावर येण्याबद्दल. याची दोन साधी कारणं निघाली.

पहिलं कारण सबटायटल. ओंकार जपानी आवाजात बघायचा आणि खाली इंग्रजी ओळी वाचायचा. मराठी मालिका चालू असताना भाजी निवडता येते, कारण कान पुरतात. इथे नजर हलली की संवाद गेला, आणि विनोदाची ओळ गेली की मागे जाऊन पाहिली तरी ती तशी लागत नाही. स्वयंपाकघरातून "दळण आणून ठेव रे" अशी हाक सतराव्या मिनिटाला आली की तो फिस्कारायचा. दुसरं कारण भागाची रचना. सुरुवातीचं गाणं दीड मिनिट, शेवटचं गाणं दीड मिनिट, मधली गोष्ट साधारण एकवीस मिनिटांची. शेवटचं गाणं लागलं की बाबा म्हणायचे, "संपलं ना? आता बातम्या लाव." पण जपानी मालिकांत त्या गाण्यानंतरही कधीकधी छोटा प्रसंग असतो, आणि पुढच्या भागाची झलक असते. बाबांच्या लेखी मालिका संपलेली असायची, ओंकारच्या लेखी नाही. दर गुरुवारी भांडण याच दोन-तीन मिनिटांवर व्हायचं.

शिवाय वेळ. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तिथे अशा मालिका बऱ्याचदा रात्री उशिरा लागतात, आणि मध्यरात्रीनंतरची वेळ २४:३०, २५:०० अशी लिहायची तिथे पद्धत आहे. गुरुवार २५:०० म्हणजे तिथे शुक्रवारची पहाटे एकची वेळ, आपल्याकडे गुरुवारी रात्रीचे साडेनऊ. त्यामुळे जपानबरोबरच भाग बघायचा म्हटला की तो मुंबईच्या घरात नेमका पानं घ्यायच्या वेळेला येतो. मुलगा मुद्दाम जेवणाची वेळ निवडतो असं बऱ्याच आयांना वाटतं. ती वेळ त्याने निवडलेली नसते.

दुसऱ्या भेटीत चौघांनी बसून ठरवलं ते असं. गुरुवारी पावणेनऊ ते सव्वानऊ टीव्ही ओंकारचा, कारण या मालिकेचा भाग तोवर आलेला असायचा. त्या अर्ध्या तासात कुणी काम सांगायचं नाही आणि त्यानेही पाणी भरणं, दळण, बहिणीला शिकवणीहून आणणं हे साडेआठच्या आत उरकायचं. जेवण त्यानंतर सगळ्यांनी एकत्र. नेटफ्लिक्सच्या प्रोफाइलमध्ये पुढचा भाग आपोआप सुरू होण्याचं आणि झलक आपोआप वाजण्याचं, अशी दोन्ही बटणं बंद करायची. नवा भाग संपला की पुढचा नसतो खरा, पण मग दुसऱ्याच मालिकेची जाहिरात समोर येते आणि तिथे वीस मिनिटं जातात. ग्रुपवर बोलायला जेवणानंतर अर्धा तास, आणि सव्वादहाला मोबाईल स्वयंपाकघरातल्या चार्जरवर. यूट्यूब शनिवारी दुपारी. मांगा परीक्षा होईपर्यंत नाही. ही शेवटची अट ओंकारने स्वतः घातली. पुढचं कळल्यामुळे गुरुवारची मजा कमी होते हे त्याला एव्हाना जाणवलं होतं.

परीक्षेसाठी एकच नियम: दुसऱ्या दिवशी पेपर असेल तर भाग शनिवारी. मालिकेचा नेम असा की लाल ड्रॅगनशी सामना अकराव्या भागात सुरू होतो आणि तो भाग १४ मार्चला येणार होता, ऐन परीक्षेत. मांगा वाचल्यामुळे ओंकारला हे आधीच माहीत होतं. म्हणून त्या आठवड्याचं फेब्रुवारीतच बोलून ठेवलं. ग्रुपमधल्या मित्रांना त्याने सांगून टाकलं की शनिवारपर्यंत मला काही सांगू नका, आणि ग्रुप दोन दिवस म्यूट केला. उत्कंठेचा भाग कधी येणार हे आधी माहीत असेल तर मुलं थांबू शकतात. ऐन वेळी "आज नाही" म्हटलं की थांबत नाहीत.

पहिले दोन गुरुवार बरे गेले. तिसऱ्या गुरुवारी घरी पाहुणे आले आणि टीव्ही मिळाला नाही. ओंकारने रात्री पांघरुणात मोबाईलवर भाग बघितला आणि मग शेपटीही आली. ठरलेलं मोडतं ते बहुधा असंच, वाईट हेतूने नाही, पर्याय ठरवलेला नसतो म्हणून. मग एक ओळ वाढवली: टीव्ही अडला तर भाग मोबाईलवर डाउनलोड करून शुक्रवारी क्लासहून आल्यावर. लोकलमध्ये बघायचा नाही. गर्दीत, दारात उभं राहून सबटायटल वाचणारी मुलं दिसतात आणि ते खरोखर धोक्याचं आहे.

बाबांनी मध्येच एक शस्त्र काढलं होतं. प्रिलिमला फिजिक्समध्ये कमी पडले म्हणून "या गुरुवारी बंद." शिक्षा म्हणून भाग काढून घेतला की त्याची किंमत वाढते आणि अभ्यासाची वाढत नाही. त्यांना विचारलं, तुम्ही लहानपणी दर आठवड्याला काय बघायचात? उत्तर लगेच आलं: रविवारी सकाळी दूरदर्शनवर मोगली. १९९३ मध्ये हिंदीत लागलेली ती मालिका मुळात निप्पॉन ॲनिमेशन या जपानी कंपनीने १९८९ मध्ये केलेली आहे, हे त्यांना माहीत नव्हतं. आंघोळ उरकून, शेजाऱ्यांच्या घरी जागा धरून ते बघायचे. रविवारी सकाळी त्यांना कुणी दळणाला धाडलेलं चालायचं का, हे त्यांनीच स्वतःला विचारलं. शिक्षा मागे घेतली आणि पहिला भाग ओंकारबरोबर बसून बघायचं कबूल केलं.

पालकांनी एक भाग बघावा असं मी नेहमी सांगते, पण पहिलाच बघावा. विनोद पात्रांच्या सवयींवर उभा असतो. मधला भाग बघितला तर फक्त आरडाओरडा दिसतो. बघताना टीका करू नये. नंतर एवढंच विचारावं: तुला यातलं कोण आवडतं आणि का?

ओंकारला सेन्शी आवडायचा. हा बुटका, दाढीवाला आचारी जिवावरचं संकट असलं तरी सगळ्यांना वेळेवर, पोटभर, समतोल जेवायला लावतो. हे सांगता सांगता ओंकार म्हणाला की नोव्हेंबरपासून त्याचा डबा तो क्लासच्या खाली कुत्र्यांना घालतो. घास गिळवत नाही, पोटात गोळा येतो. आईला याची कल्पना नव्हती. डबा रिकामा परत यायचा. खरा प्रश्न इथे होता: परीक्षेची भीती, आणि आठवड्यातली ही एकच गोष्ट अशी की तिच्यात नापास होण्याचा प्रश्नच येत नाही. पुढच्या भेटी मालिकेवर कमी आणि या भीतीवर जास्त झाल्या. डब्यात पोळीभाजीऐवजी चालेल ते थोडं थोडं, दोन वेळा विभागून, असं सुरू केलं. पेपर सोडवण्याचा सराव घड्याळ लावून, पण सुरुवातीला अर्ध्या पेपरचा. भूक हळूहळू परतली. फिजिक्सची धास्ती पूर्ण गेली नाही, तरी पेपर पूर्ण लिहून झाला.

म्हणून, व्यसन का? जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या सूचीत, म्हणजे २०२२ पासून लागू झालेल्या आयसीडी-११ मध्ये, गेमिंगचा विकार आहे. मालिका बघण्याचा नाही. पण त्यातल्या तीन कसोट्या घरी विचार करायला उपयोगी आहेत. आपण ठरवलं तरी थांबता येत नाही, बाकी सगळ्या आवडी आणि कामं मागे पडली आहेत, आणि नुकसान दिसत असूनही तेच चालू आहे. गेमिंगसाठी हे सहसा वर्षभर टिकलेलं असावं लागतं. ओंकार थांबू शकत होता, क्रिकेट खेळत होता, मित्र होते. मुलगा मालिका नसलेल्या दिवशीही कुणाशी बोलत नसेल, आंघोळ-जेवण सुटलं असेल, जगण्यात अर्थ नाही असं म्हणत असेल, तर मात्र मालिकेवर वाद घालत बसू नका, तज्ज्ञांकडे न्या. टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि मराठीत बोलता येतं.

धाकट्या बहिणीचा प्रश्न आईने नंतर काढला. तीही दादाशेजारी बसून बघायला लागली होती. विनोदी फँटसी म्हणजे लहान मुलांसाठी, हा समज चुकीचा आहे. 'कोनोसुबा'सारख्या त्याच प्रकारातल्या मालिकेत अंगप्रदर्शन आणि चावट विनोद भरपूर आहेत. 'डिलिशियस इन डंजन' सुरुवातीला हलकी आहे, पण ड्रॅगनच्या भागांपासून तिचा रंग बदलतो आणि काही दृश्यं दहा वर्षांच्या मुलीला झोपू देणार नाहीत. भाग सुरू होताना कोपऱ्यात यू/ए ७+, १३+, १६+ किंवा ए असं येतं ते वाचावं, आणि मालिका मध्यावर वळते का हे बघून ठेवलेल्या मोठ्या मुलालाच विचारावं. ओंकारने बहिणीला आठ भागांनंतर थांबवलं आणि कारण तिला स्वतः समजावून सांगितलं.

१३ जूनला मालिकेचं पहिलं पर्व संपलं. पुढचे दोन आठवडे तो थोडा उदास होता, हे साहजिक आहे आणि त्यावर लगेच दुसरी मालिका देऊ नये. जपानमध्ये नवे हंगाम जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये सुरू होतात, एका हंगामात साधारण १२-१३ भाग. जुलैसाठी त्याने आधी कॉलेजच्या प्रवेशाचं वेळापत्रक बघितलं, मग तीन मालिकांचा एकेक भाग बघून त्यातली एक ठेवली, शनिवारी येणारी.